दारापर्यंतचे दहा फूट

प्रिय,

तुझा मेल मिळाला, सोबतची चित्रंही पाहिली. पौड रोडवरचा कोपऱ्याचा प्लॉट, खाली दुकानं, वर ऑफिसचे सहा मजले आणि मालकाची एकुलती एक अट: ‘लुक इंटरनॅशनल पाहिजे.’ पाच वर्षं कॉलेजात आणि पुढची दोन दुसऱ्यांच्या इमारतींचे टॉयलेट-डीटेल काढण्यात घालवल्यावर पहिली व्यापारी इमारत तुझ्या हाती आली, याचा मला मनापासून आनंद झाला. कुठल्या इमारती बघून येऊ असं तू विचारलंस आणि खाली दुबई-सिंगापूरच्या लिंका दिल्यास. त्या राहू देत. पीएमटीच्या पासावर (तुम्ही पीएमपी म्हणता) बघून होईल एवढं शिक्षण या गावात जागोजागी पडलंय.

फक्त बघायचं कुठे ते सांगते. मान वर करू नकोस. रस्त्याच्या कडेपासून दुकानाच्या किंवा ऑफिसच्या दारापर्यंत जी पट्टी असते, कुठे चार फुटांची, कुठे चाळीस, आपण दहा धरू, ती बघ. पुण्यातल्या व्यापारी इमारती कशा बदलत गेल्या ते मला त्या पट्टीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं वरच्या एलिव्हेशनमध्ये, म्हणजे दर्शनी बाजूत, दिसत नाही. एलिव्हेशन दर दहा वर्षांनी फॅशनप्रमाणे बदलतं. खालची पट्टी जमिनीचा भाव, कायदा, वाहनं आणि गिऱ्हाईक यांच्या ओढाताणीत ठरते, आणि एकदा ठरली की पन्नास वर्षं हलत नाही.

सुरुवात रविवार पेठेतून कर. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांतून वाट काढत जा, मग कसब्यातली तांबट आळी गाठ. जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या रस्त्याकडच्या बाजूला थांब. घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्यावर तळखडे (खांबाखालचे दगड), तळखड्यांवर सागवानी खांब, वर तुळया आणि कडीपाट (लाकडी फळ्यांचं छत). दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. त्याचं माप कुठल्या नियमावलीने ठरवलं नव्हतं; जेवढी लांब आणि जेवढी जाड तुळई मिळेल आणि परवडेल, तेवढा खण. दुकानही खणांतच मोजलं जायचं. एका खणात पानवाला, दोन खणांत वाणी. पुढे ओटा, ओट्यामागे लाकडी फळ्या. सकाळी फळ्या काढल्या की दुकान उघडं, रात्री खाचेत सरकवल्या की बंद. गिऱ्हाईक ओट्याच्या कडेला टेकायचं, मालक आत गादीवर. व्यवहार रस्त्यावरही नाही आणि घरातही नाही, बरोबर मधल्या जागेत.

आणि घर वर किंवा मागच्या चौकात. तांबट आळीत तर भट्टी, ठोकाठोक आणि संसार एकाच छपराखाली. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात यावर लोकांनी पुष्कळ विनोद केले. मला त्यामागे वाड्याचा प्लॅन दिसतो. जिना चढला की पान वाढलेलं, अशी सोय असलेला माणूस दुपारी दुकानात का बसेल? हा माझा तर्क आहे, इतिहास म्हणून कुठे छापू नकोस.

तुळशीबाग त्याच फेरीत होईल. १७६१ मध्ये नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी राममंदिराचं काम सुरू केलं. मधे देऊळ आणि प्रशस्त आवार, भोवती आणि वाटेवर दुकानं. आज तिथे माणसाला माणूस लागून चालतो, वर प्लास्टिकच्या ताडपत्र्या, मधे हेअरक्लिपांचे स्टॉल, आणि तरीही तो बाजार चालतो. कुठलाही मॉलचा सल्लागार ज्याला ‘अँकर’ म्हणेल ते, म्हणजे गर्दी खेचणारं मुख्य ठिकाण, मधे ठेवून भोवती छोटे गाळे, ही मांडणी तिथे आधीपासूनच आहे. समोर विश्रामबागवाडा आहे, दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ सालचा. त्याचा नक्षीदार लाकडी सज्जा सगळे बघतात. तू सज्जाखालची सावली रस्त्यावर किती येते ते बघ.

मग मंडई. वाड्यात विक्री हा घराचा एक भाग होता. मंडईत घर नावालाही नाही. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. १८८६ मध्ये ही इमारत उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणवली गेली. मधे अष्टकोनी मनोरा आणि तिथून फुटलेल्या लांब पाखा. बाहेरून गॉथिक, चर्चसारखी. आतून निखळ उपयोगाची. उंच छप्पर, गरम हवेला वर जायला जागा, वरून येणारा उजेड, धुता येईल अशी फरशी. नाशवंत मालाच्या इमारतीला काय लागतं याचा कुणीतरी नीट विचार केला होता. गाळ्यांचे ओटे बघ: भाजीवाली वर बसते, माल उतरता मांडलेला असतो, आणि उभ्या गिऱ्हाइकाच्या हाताशी वांगी येतात. वाड्याच्या ओट्यावरचा व्यवहार इथे दगडात पक्का केलाय.

एक गोष्ट मालकाला सांगायला उपयोगी पडेल. पुणे नगरपालिकेत सदस्य असताना महात्मा फुल्यांनी या बांधकामावर एवढा पैसा ओतायला विरोध केला होता. तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. इमारत कुणासाठी बांधली आणि शेवटी कुणाची झाली, यावर बांधणाऱ्याचा ताबा नसतो. आता तिच्याच खालून मेट्रो जाते.

कॅम्पात एक चक्कर मार, पण तिथे फार रेंगाळू नकोस. शिवाजी मार्केट, जुनं नाव कॅनॉट मार्केट, मंडईच्याच काळातलं. महात्मा गांधी रस्त्यावरच्या जुन्या दुकानांपुढे जिथे छपराची पडवी शिल्लक आहे तिथे जुलैच्या पावसात उभी राहा; छत्री न उघडता चार दुकानं ओलांडता येतात. कॅन्टोन्मेंटचे बांधकामाचे नियम वेगळे आणि कडक, म्हणून तो भाग ठेंगणा राहिला. याहून जास्त श्रेय मी कॅम्पाला देत नाही, तिथले लोक काहीही म्हणोत.

आता खरा गुंता. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा पुण्यातल्या वाड्यांनाही लागू झाला. भाडी गोठली. मालकाला महिन्याला जे मिळे त्यातून कौलं फिरवणंही होईना. मग १२ जुलै १९६१. पानशेत आणि खडकवासल्याची धरणं फुटून पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं, आणि मातीत बांधलेल्या भिंती विरघळून खाली आल्या. घडीव दगडाची जोती जागेवर राहिली, वरचं गेलं. त्यानंतर लाकूड-मातीवरचा लोकांचा विश्वास उडाला तो कायमचा. आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, आधीही होतं, पण या पुरानंतर ‘स्लॅबचं घर’ हे सुरक्षिततेचं दुसरं नाव झालं.

पुढची वीस-तीस वर्षं वाडे पाडले गेले ते असे: मालक थकलेला, भाडेकरू हटेनात, बिल्डर मधे. मागच्या बाजूला राहणाऱ्या भाडेकरूंना वर फ्लॅट देता येत असे, पण पुढच्या दुकानदाराला रस्त्यावरचंच दुकान हवं. त्यात तो काही चुकीचं मागत नव्हता. समज, वाड्याची रुंदी चाळीस फूट आणि जुने दुकानदार चार. जिन्याला आणि पार्किंगच्या वाटेला दहा-बारा फूट गेले. उरलेल्या अठ्ठावीसात चौघे बसवायचे, म्हणजे प्रत्येकाला सात फूट रुंद आणि चाळीस फूट खोल असा बोगदा. लक्ष्मी रोडच्या आसपास असे बोगदे तुला रांगेने दिसतील. पुढे साड्या, मागे गोडाऊन, शेवटी एक पंखा आणि हिशेबनीस. या दुकानांचा आकार कुठल्याही आर्किटेक्टच्या पेन्सिलीतून उतरलेला नाही. तो भाडेकरूंच्या यादीतून आलाय. म्हणून अशा इमारतीला नावं ठेवायच्या आधी तिचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काय सांगतं ते विचारत जा.

ओटा मात्र याच काळात गेला. रस्तारुंदीची रेघ जोत्यावरून गेली, फळ्यांच्या जागी रोलिंग शटर आलं, आणि दुकान थेट फुटपाथवर उघडायला लागलं. मधली जागा संपली. तिची गरज थोडीच संपते! दुकानदाराने काचेचं शोकेस दोन फूट पुढे ढकललं, वर पत्र्याची झापड लावली, आणि अतिक्रमणवाल्यांच्या गाडीशी त्याचा लपंडाव सुरू झाला. तो अजून चालू आहे.

इथून नदी ओलांड. लकडी पुलावरून डेक्कन, मग जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता, कर्वे रस्ता. आधी इथे बंगले होते. ७० आणि ८० च्या दशकात त्या जागांवर ‘कॉम्प्लेक्स’ उभी राहिली. तुझ्या प्लॉटची खरी आजी ही इमारत आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालव.

अशा कॉम्प्लेक्सपुढे उभी राहिलीस की तळमजला सापडतच नाही. पाच पायऱ्या खाली ‘लोअर ग्राउंड’, सहा पायऱ्या वर ‘अपर ग्राउंड’. रस्त्याच्या पातळीवर फक्त दुचाक्या. कारण साधं आहे. रस्त्याला लागून असलेल्या दुकानाचा भाव सगळ्यात जास्त, आणि रस्त्याला लागून मजला एकच. म्हणून जमिनीच्या थोडा खाली आणि थोडा वर असे दोन मजले काढले, दोन्ही ‘रोडटच’ म्हणून विकता यावेत यासाठी. कागदावर हुशारी. प्रत्यक्षात पायऱ्या बघून गुडघेदुखीवाल्या काकू पुढच्या दुकानात गेल्या. मुसळधार पावसात खालच्या दुकानदाराने पोती लावून पाणी अडवलं. पाच वर्षांत खालच्या मजल्यावर झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती आणि क्लास उरले. (स्पर्धा परीक्षेच्या अर्ध्या पुण्याने अभ्यास तळघरात केला, त्यातून अधिकारीही झाले, हा भाग वेगळा.)

मग आत शीर. मधून एक पॅसेज जातो, दोन्ही बाजूंना गाळे. पहिले दोन चालतात. तिसऱ्यात शिवणकाम. त्यापुढे शटरं बंद, एकाला कुलूप गंजलेलं. शेवटी जिन्याखाली मीटर रूम आणि गणपतीची तसबीर लावलेली टाइल, लोकांनी थुंकू नये म्हणून. आतला गाळा मरतो त्याचं कारण वास्तुशास्त्रवाले ईशान्येत शोधतात. ते पॅसेजमध्ये आहे: पॅसेजला दुसरं तोंड नाही. जिथे वाट पलीकडच्या रस्त्याला किंवा पार्किंगला निघते तिथे आतलेही गाळे तगतात, कारण लोक काही घ्यायचं नसतानाही तिथून जातात. तुझा प्लॉट कोपऱ्याचा आहे. पॅसेज काढणार असशील तर एका रस्त्यावरून दुसऱ्यावर निघू दे. नाहीतर पॅसेजच काढू नकोस, मालक कितीही म्हणाला की दोन गाळे जास्त बसतात.

त्याच इमारतींच्या एलिव्हेशनकडे आता मान वर करून बघायला हरकत नाही. काय दिसतं? पाट्या. डॉक्टर, सीए, ट्रॅव्हल एजंट, दाताचा दवाखाना, व्हिसा सल्लागार. मूळचे आडवे छज्जे आणि खिडक्या पाट्यांच्या मागे गुदमरल्या. मोकळ्या भिंतीवर एसीची यंत्रं, त्यांचं पाणी खालच्याच्या डोक्यावर. आर्किटेक्टने दुकानाला पाटी लागते आणि ऑफिसला एसी लागतो हे गृहीतच धरलं नव्हतं. तू पाटीसाठी सलग पट्टा आधी आख, त्याची उंची ठरव, मागे केबलची वाट दे, आणि ते विक्रीच्या करारात लिहून घ्यायला लाव. एसीच्या यंत्रांना प्रत्येक मजल्यावर जाळीमागे कट्टा दे, पाण्याच्या पाइपासकट. थ्रीडीत हे कुणी बघत नाही. वीस वर्षांनी इमारत कशी दिसेल ते मात्र यावर ठरतं, तू आज रात्रभर जागून निवडलेल्या क्लॅडिंगच्या रंगावर नाही.

पुढे १९९० च्या सुमाराला पुण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आला आणि त्या दशकाच्या शेवटी एमआयडीसीने हिंजवडीत आयटी पार्क उभारायला घेतला. राज्याच्या आयटी धोरणाने अशा इमारतींना जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ती मर्यादा) दिला. सेनापती बापट रस्ता, येरवडा, कल्याणीनगर, खराडी बघता बघता काचेचे झाले. इथे मला तुझ्या पिढीच्या एका सवयीला विरोध करायचाय. काचेची इमारत दिसली की तुम्ही ‘पश्चिमेची नक्कल’ म्हणून मोकळे होता. नक्कल होतीच, पण हिशेबही होता. परदेशी कंपनीला विशिष्ट तारखेला हजार खुर्च्या हव्या असत. विटेची भिंत, प्लास्टर, रंग यांत महिने जातात. काचेचे पॅनल कारखान्यातून तयार येतात आणि पट्टदिशी चढतात. भिंतीचं वजन वाचलं, जाडी वाचली, आणि मजल्याच्या कडेपर्यंतची जागा भाड्याने देता आली. शिवाय भाडेकरू कोण येणार हे माहीत नसताना काच कुणालाच नकोशी वाटत नाही.

याच काळात इमारतीचं मूळ माप पुन्हा बदललं. आयटी पार्कचा प्लॅन उघड आणि कॉलममधलं अंतर बघ: बऱ्याच ठिकाणी ८.४ मीटरच्या आसपास मिळेल. कॉम्प्युटरच्या टेबलांशी त्याचा संबंध नंतरचा; बेसमेंटमध्ये दोन कॉलमांच्या मधे तीन गाड्या बसाव्यात म्हणून ते आलं. पूर्वी सागवानाची तुळई खण ठरवत होती, नंतर दुकानदारांची यादी गाळा ठरवायला लागली, आता उभी केलेली मोटार सगळ्या इमारतीचा सांगाडा ठरवते. तुझ्या ड्रॉइंगमध्ये कॉलम ६ मीटरवर आहेत, म्हणून खाली गाड्या दोन-दोनच बसतायत आणि रॅम्पसमोर वळण अडतंय. आधी बेसमेंट सोडव, मग वर ये.

आणि ते दहा फूट? हिंजवडीत त्यांचे दोनशे झाले. कंपाउंड, गेट, बूम बॅरियर, बॅगेची तपासणी, हिरवळ (हिच्यावर चालायचं नाही), मग लॉबी. इमारतीला रस्त्यावर दारच नाही. आत हजारो माणसं आणि बाहेरून जाणाऱ्याला त्या इमारतीत घेण्यासारखं काहीही नाही. पण संध्याकाळी चारला गेटबाहेर बघ. चहाची टपरी, वडापावची गाडी, आणि गळ्यात आयकार्ड अडकवलेली शंभर मुलं रस्त्याच्या कडेला उभी. आत कॅफेटेरिया असताना ती बाहेर का येतात, हे त्या कॅम्पसच्या आर्किटेक्टला विचारायला मला आवडेल.

मगरपट्टा त्या मानाने वेगळा प्रयत्न. हडपसरच्या शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी स्वतःची मिळून चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, बिल्डरला विकून मोकळं होण्याऐवजी स्वतःच भागीदार झाले, आणि ऑफिसं घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर ठेवली. तिथली काचेची गोल ऑफिसं मला फारशी आवडत नाहीत. सकाळी चालत कामाला जाणारी माणसं मात्र दिसतात, आणि पुण्यात ते दृश्य दुर्मीळ आहे.

काचेबद्दल आणखी थोडं, कारण तुझ्या मालकाला ती हवीच आहे. पुण्यात १३ मेच्या सुमाराला भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. दक्षिणेच्या खिडकीला साधा आडवा छज्जा दिला की काम भागतं. खरा छळ पश्चिमेचा. एप्रिल-मे महिन्यात तीननंतर सूर्य खाली उतरत थेट आत घुसतो, आडव्या छज्जाला दाद देत नाही. तिथे उभ्या पट्ट्या लागतात, किंवा तिथे काचच कमी करून जिने, लिफ्ट, टॉयलेट आणि डक्ट त्या बाजूला न्यायचे. तुझ्या चित्रात पश्चिमेला तळापासून गच्चीपर्यंत काच आहे आणि सुंदर केशरी संध्याकाळ तिच्यात चमकतेय. त्या संध्याकाळचं वीजबिल कोण भरणार? लोक आतून पडदे ओढतील, पडद्यामागे दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावतील.

हडपसरचं सुझलॉनचं ‘वन अर्थ’ बघायची परवानगी मिळाली तर सोडू नकोस. २००९ च्या सुमाराला पुरं झालं, ख्रिस्तोफर बेनिंजर यांचं काम. दहा एकरांवर ठेंगणा, पसरलेला आवार, मधे मोकळा चौक, काचांवर ॲल्युमिनियमच्या झडपा. उजेड आत येतो, ऊन बाहेर राहतं. लीड प्लॅटिनम आणि गृहाचे पाच तारे (दोन्ही पर्यावरणपूरक इमारतींची मानांकनं) मिळाले म्हणून मी ते सांगत नाहीये. ताऱ्यांच्या पाट्या हल्ली प्रत्येक लॉबीत असतात. इतक्या मोठ्या कंपनीचं मुख्यालय बिनउंचीचं असू शकतं आणि तरी रुबाबदार दिसतं, एवढ्यासाठी बघ. अर्थात दहा एकर तुझ्याकडे नाहीत.

काच धुवायची कशी, हे कुणी विचारलंय का? वर हुक ठेवलेस का, दोर कुठे बांधणार, गच्चीवर सोलर आणि पाण्याच्या टाक्यांच्या मधून माणूस कडेपर्यंत जाणार कसा? शिवाय पाणी टँकरचं किंवा बोअरचं. ते वाळलं की पांढरे डाग, आणि दोन वर्षांत निळी काच दुधाळ. आग लागली तर धूर बाहेर पडायला उघडणाऱ्या खिडक्या किती, तेही आत्ताच मोज. फायरचे साहेब विचारतील तेव्हा एलिव्हेशन मोडण्यापेक्षा आधीच त्यात बसव.

नियमांचं म्हणशील तर डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर ही राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आहे, तू ती कोळून प्यायली असशील. जिना, पॅसेज, बाल्कनी ही पूर्वी वेगळी काढली जाणारी क्षेत्रं आता मोजणीत येतात आणि त्यापोटी अनिवासी बांधकामाला प्रस्तावित एफएसआयच्या ८० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी (पूरक) एफएसआय मिळतो. तुझा प्लॉट वनाज मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत येतो का ते नकाशावर नीट मोज. आला तर टीओडीखाली, म्हणजे मेट्रोजवळ जास्त बांधू देणाऱ्या धोरणाखाली, चारपर्यंत एफएसआयची भाषा सुरू होईल, आणि सहा मजल्यांचे पंधरा करायला मालकाला एक रात्र पुरेल. पण मग त्यातले बरेच जण मेट्रोतून उतरून चालत येतील. त्यांना तुझ्या दारात काय मिळणार? तुझ्या ड्रॉइंगमध्ये समोरच्या मार्जिनमध्ये (मोकळ्या सोडायच्या जागेत) दुचाक्यांची दोन ओळींची रांग आहे. चालत येणाऱ्याने हँडलांमधून अंग चोरत दुकान गाठायचं. जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने फुटपाथ रुंद केला, बाकं टाकली, लोक खरंच बसतात. आणि तरी बऱ्याच इमारतींच्या दाराशी तोच पायऱ्यांचा कडा उभा आहे, कारण इमारत ७० सालची आणि फुटपाथ आत्ताचा.

म्हणून माझा आग्रह एवढाच: पौड रोडकडची पूर्ण बाजू गाड्यांपासून सोडव. दुचाक्या बाजूच्या रस्त्याने आत घे. दुकानाची जमीन फुटपाथच्या पातळीला शक्य तितकी जवळ आण, उरलेला फरक लांब उताराने काढ, म्हणजे व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही जातील. वरचा पहिला मजला सहा फूट पुढे येऊ दे, पाटी त्याच्या कडेला, खाली सावली. सावलीत गुडघ्याएवढ्या उंचीचा दगडी कट्टा दे, सलग. कट्ट्यावर कुणीही बसेल अशी मालकाला भीती वाटेल. बसू दे की. तिथे पार्सलची वाट बघणारी डिलिव्हरीची मुलं बसतील, कोपऱ्यावरच्या बँकेचा वॉचमन बसेल, बायकोची खरेदी संपण्याची वाट बघणारे काका बसतील. आज ही सगळी माणसं तुमच्या इमारतींच्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नसतात, आणि इमारत उघडली की पहिल्या दिवशी हजर होतात.

मालकाशी बोलताना ‘सिटी’, ‘पब्लिक रील्म’ असले शब्द काढू नकोस. तो हुशार माणूस आहे, कंटाळेल. त्याला घेऊन रविवारी संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर जा. कुठल्या दुकानापुढे माणसं थांबतात आणि कुठल्यापुढून निघून जातात ते त्यालाच मोजू दे. मग दोन्ही दुकानांचं महिन्याचं भाडं काय चाललंय ते एजंटला फोन लावून त्याच्यासमोरच विचार. पुढचं त्याचा तो बोलेल.

सुधारलेलं ड्रॉइंग पाठवशील तेव्हा थ्रीडी नको. बेसमेंटचा प्लॅन, तळमजल्याचा प्लॅन समोरच्या फुटपाथसकट, आणि रस्त्याच्या मध्यापासून दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत एक सेक्शन (उभा छेद), १:५० मध्ये. त्यात रॅम्पचा उतार १:१० पेक्षा तीव्र दिसला तर मी पुढचं बघणार नाही. पावसाळ्यात ओल्या रॅम्पवर स्कूटर घसरते, आणि मागे बसलेल्या बाईच्या हातात पिशव्या असतात.

तुझी,
मॅडम